पगार नाही, पण हक्क पूर्ण: १९५२ चे मंकड प्रकरण

१० फेब्रुवारी १९५२. मद्रासमध्ये भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, एक डाव आणि ८ धावांनी. सोलापुरात जन्मलेल्या आणि तिथेच बालपण घालवलेल्या पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. विनू मंकड यांनी सामन्यात १०८ धावांत १२ बळी घेतले.

चारच महिन्यांनी इंग्लंडमध्ये लीड्सच्या पहिल्या कसोटीत उम्रीगर होते, मंकड नव्हते. दुखापत नव्हती, की खेळ उतरणीला लागला होता असेही नाही. शेजारच्याच लँकेशायर परगण्यात ते हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू होते. हा धागा त्याविषयी.

आधी लँकेशायर लीग समजून घेऊ. कापड गिरण्यांच्या छोट्या गावांचे हे क्लब. संघात बाकी सारे हौशी, आणि हंगामापुरता करार केलेला एक व्यावसायिक. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टन्टाइन १९२९ पासून नेल्सनला खेळले. आपले अमरसिंग, लाला अमरनाथ यांनीही ही वाट धरली. १९५२ च्या दौऱ्याचे कर्णधार, सांगलीचे विजय हजारे हेदेखील लीगचे पगारी खेळाडू राहिलेले होते. भारतात क्रिकेटवर घर चालवायचे तर संस्थानिकाचा आश्रय किंवा एखादी नोकरी लागे. लीगचा करार म्हणजे निव्वळ खेळाचा रोख मोबदला.

हॅसलिंग्डनचा प्रस्ताव आला तेव्हा मंकड यांनी मंडळाला इतकेच विचारले: इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड निश्चित आहे का? असल्यास मी करार सोडतो. मंडळाने हमी नाकारली आणि मंकड यांनी सही केली.

मंडळाच्या बाजूनेही बोलता येते. एकाला आगाऊ हमी दिली की उद्या दहाजण मागतील, मग निवड समितीला अर्थ काय? युक्तिवाद पोकळ नाही. पण वर्षाचा पगार देणाऱ्याच्या तोंडी तो शोभतो. मंडळाकडे द्यायला करार नव्हता, वेतन नव्हते. तरीही खेळाडूने दुसरीकडे सही न करता वाट पाहावी अशी अपेक्षा मात्र होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. लीड्सच्या दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावा, चार बळी. मग मंडळाने हॅसलिंग्डनशी बोलणी केली, क्लबने मंकड यांना मोकळे केले आणि लॉर्ड्सवर ते सलामीला उतरले: ७२ आणि १८४. गोलंदाजी ९७ षटके, पहिल्या डावात १९६ धावांत ५ बळी. भारत तरीही आठ गड्यांनी हरला. ज्याला आधी हमी देता आली नव्हती, त्याच्यासाठी जूनमध्ये परक्या क्लबच्या दारी जावे लागले.

आता अमेरिकेकडे पाहू. बेसबॉलच्या करारांत एक राखीव कलम असे: करार संपला तरी खेळाडूवर हक्क जुन्याच क्लबचा. कर्ट फ्लड यांनी १९६९ मध्ये आपली परस्पर अदलाबदल नाकारली. १९७२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल फिरवला आणि करारमुक्त खेळाडूंचे युग सुरू झाले. मालकांनी मग नवी मागणी पुढे केली: खेळाडू गेला तर जुन्या क्लबला भरपाई द्या, नवोदितांच्या निवडीतील हक्काच्या किंवा दुसऱ्या खेळाडूच्या रूपात. खेळाडूंना त्यात स्वातंत्र्यावरचा दंड दिसला. १९८१ चा सुमारे पन्नास दिवसांचा संप याच भरपाईवरून झाला.

माझ्या मते भारतीय व्यवस्था त्या राखीव कलमाहून कठोर होती. अमेरिकन मालक निदान पगार देऊन खेळाडूला बांधत असे. आमच्या मंडळाने बांधून ठेवण्याचा हक्क घेतला आणि पगार द्यायला पुढचे अर्धशतक लावले. वार्षिक करार आले ते २००४ च्या सुमारास.

‘आता आयपीएल आहे, प्रश्न मिटला’ असे कोणी म्हणेल. पैसा आला हे खरे. पण लिलावात संघ खेळाडू निवडतो, खेळाडू संघ निवडत नाही. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीला डिसेंबर २०२३ मध्ये लखनौने घेतले. दुसऱ्या एखाद्या संघाने फलक उंचावला असता तर तो तिकडे गेला असता.

खरी अडचण लिलावात नाव न लागलेल्यांची आहे. सक्रिय भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी टी-ट्वेंटी लीगसाठी मंडळ ना-हरकत पत्र देत नाही. जायचे तर आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती. ज्याच्याकडे केंद्रीय करार आहे त्याला ही अट लावणे समजू शकते. पण महाराष्ट्राकडून फक्त रणजी खेळणाऱ्या, ना केंद्रीय करार ना आयपीएल अशा पोराला तीच अट का? मंडळाने त्याला करार द्यावा, नाहीतर देशी हंगाम संपल्यावर जिथे बोलावणे येईल तिथे खेळू द्यावे. मंकड यांनी मंडळापुढे ठेवलेला पर्यायही यापेक्षा फार वेगळा नव्हता.