ॲम्पलाही झोपू द्या की राव!

गाण्यांचा आणि त्याहून जास्त मशीनचा नाद असलेल्या मंडळींत एक सल्ला सुविचारासारखा फिरत असतो. "ॲम्प कधी बंद करायचा नसतो." कोणी नवीन ॲम्प्लिफायर घेतला की पेढा खाता खाता एखादा जाणकार हे सांगून जातोच. का? तर म्हणे चालू-बंद केल्याने पार्ट्स लवकर जातात, आणि सतत गरम असलेल्या ॲम्पचा आवाज जास्त 'मोकळा' येतो. सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणारा मुकाट मान डोलावतो, आणि त्याच्या घरात पुढची दहा वर्षं एक छोटी शेगडी चोवीस तास पेटलेली राहते.

मला हा सल्ला साफ अमान्य आहे. कारणं देतो, म्हणजे भांडायलाही सोपं जाईल :)

आधी समोरच्या पक्षाची बाजू, कारण ती अगदीच हवेत नाही. दुसऱ्या महायुद्धात टॉमी फ्लॉवर्स या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या इंजिनीयरने कोलोसस नावाचं कोडी फोडणारं यंत्र बांधलं. १९४४ च्या सुरुवातीला ते ब्लेचली पार्कला पोचलं. त्यात दीड हजारावर व्हॉल्व्ह होते. इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणारच नाहीत असं भल्याभल्यांचं मत. पण टेलिफोन एक्सचेंजच्या अनुभवावरून फ्लॉवर्सला माहीत होतं की व्हॉल्व्ह जातात ते मुख्यतः चालू-बंद करताना, म्हणून यंत्र चालूच ठेवायचं. आणि तो बरोबर होता!

पण त्याचा प्रश्न बघा ना. एक व्हॉल्व्ह गेला की सगळं काम वाया, आणि काम युद्धाचं. आपल्या ॲम्पवर पहाटे तीन वाजता कोण काय ऐकत असतं? सर्व्हर आम्हीही बंद करत नाही, पण त्याचं कारण पलीकडे कोणीतरी तो वापरत असतं हे आहे, त्याच्या तब्येतीची काळजी नव्हे. आणि ज्यांच्याकडे खरोखर व्हॉल्व्हचा ॲम्प आहे त्यांनी तर हा सल्ला कानाआडच करावा. आउटपुटच्या पॉवर व्हॉल्व्हचं आयुष्य साधारण दोन-तीन हजार तास धरतात. दोन हजार तास म्हणजे सलग ८३ दिवस. गणेशोत्सवात नवे बसवले तर नाताळपर्यंत म्हातारे.

बरं, ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पचं काय? चालू करताना ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर भरपूर करंट ओढतात हे खरं. पण हे डिझाइन करणाऱ्यालाही माहीत असतं हो! म्हणून तर मोठ्या ॲम्पमध्ये थर्मिस्टर किंवा सॉफ्ट-स्टार्ट असतो. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो ना, तो स्पीकर उशिरा जोडणारा रिले. दिवसातून एकदा बटण दाबलं जाणार हे धरूनच ही वस्तू बनवलेली असते.

उष्णतेवर मात्र असा उपाय नाही. ॲम्पमधला सगळ्यात आधी म्हातारा होणारा पार्ट म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतला ओलावा हळूहळू सुकतो आणि तो निकामी होत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. समजा, १०५ अंशांना २००० तास असं रेटिंग असलेला कपॅसिटर हीटसिंकजवळ ६५ अंशांवर बसलाय. हिशोबाने मिळाले ३२,००० तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे कायम चालू ठेवला तर पावणेचार वर्षंही नाहीत. रोज तीन तास वापरला तर २९ वर्षं! प्रत्यक्षात आकडे मागेपुढे होतील, इतर पार्टही जुने होतील. पण आठपटीचा फरक आहे, तो कुठे जाणार?

आता बिल. माझा साधा क्लास एबी ॲम्प काही न वाजवता, नुसता चालू असताना ४२ वॅट खातो. मीटर लावून बघितलंय. चोवीस तासांचं एक युनिट, महिन्याचे तीस. रोज तीन तासच चालवला तर महिन्याचे चारही होत नाहीत. उरलेले २६ युनिट कोणी ऐकले? शिवाय आपल्याकडे बिल स्लॅबने येतं, त्यामुळे हे जादा युनिट घरातल्या सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात. क्लास ए वाल्यांचं तर विचारूच नका. दोनशे वॅट ओढणारा ॲम्प दिवसाला जवळपास पाच युनिट खातो, आणि मे महिन्यात ती उष्णता बाहेर काढायला एसी लावायचा!

"पण कंपनीच सांगते चालू ठेवा!" हो, नेमसारखी नावाजलेली ब्रिटिश कंपनी आपल्या ॲम्पबद्दल असं सांगत आली आहे. पण तिकडच्या थंडीत ॲम्पची ऊब हवीशी वाटत असेल, आणि बिल कंपनी भरत नाही. शिवाय त्याच युरोपात २००८ च्या नियमाने, २०१३ पासून नव्या उपकरणांना स्टँडबायमध्ये अर्धा वॅट, डिस्प्ले असेल तर एक वॅट, अशी मर्यादा घातली गेली. म्हणून बऱ्याच ॲम्पमध्ये ऑटो स्टँडबाय आला. आणि आपले लोक ॲम्प घरी आणल्यावर पहिलं काम काय करतात, तर मेनूत जाऊन तोच बंद करतात!

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्याकडे 'कायम चालू' असं काही नसतंच. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, वळवाच्या पावसात तर कधीही जाते. म्हणजे ॲम्प बंद-चालू होतोच, फक्त बटण तुमच्या हातात नसतं. आणि लाईट परत येते तेव्हा अख्ख्या सोसायटीचे फ्रिज, पंप, एसी एकदम उठतात, व्होल्टेज नाचतं. नेमक्या त्या क्षणी तुमचा लाडका ॲम्प लाईनला जोडलेला! वीज कडाडत असताना प्लग काढलेला ॲम्प जितका सुरक्षित, तितका कुठलाच नाही.

राहिला आवाज. ट्रान्झिस्टरचा बायस तापमानाबरोबर सरकतो आणि हीटसिंक गरम झाल्यावर स्थिरावतो, यात शंका नाही. पण त्याला अर्धा तास पुरतो, तीन दिवस लागत नाहीत. ज्यांना तीन दिवसांचा फरक ऐकू येतो त्यांनी न बघता ओळखून दाखवावा, एक ॲम्प अर्धा तास तापलेला आणि तसाच दुसरा तीन दिवस. चहा माझ्याकडून.

अपवाद आहेत. दर तासाला बंद-चालू करू नका. स्टुडिओत दिवसभर काम चालतं तिथे दिवसभर चालू ठेवा. क्लास डी ॲम्प नुसता चालू असताना कमी खातो, तिथे एवढा वाद घालण्यात अर्थ नाही. पण दिवसाला दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी आल्या आल्या बटण दाबावं, आंघोळ-चहा उरकावा, तोवर ॲम्प तयार. झोपताना बंद करावा. बाहेरगावी जाताना प्लगच काढून ठेवावा. घरातले बाकीचे लोकही तुम्हाला दुवा देतील, बिल बहुधा तेच भरत असतात!