सूत्र आणि श्रम

फोनवर येणारें चलच्चित्र आधीं संक्षिप्त केलेलें असतें. व्याकरणांत मागील सूत्रांतील पद अनुवृत्तीनें पुढें येतें, तें पुन्हां म्हणत नाहींत. तद्वत् येथें मागील चित्रांतील भाग घेऊन केवळ फरक लिहितात. २००३ च्या एच.२६४ पद्धतीच्या मानानें २०१३ ची एच.२६५ तितक्याच स्पष्टतेस सुमारें निम्मी जागा घेते. पण रचनेचे श्रम कित्येक पट वाढतात.

लक्षावधि लोकांनीं पाहावयाच्या चित्रपटास एकदांचे ते श्रम शोभतात. परगांवच्या नातवाशीं प्रत्यक्ष बोलतांना विलंब खपत नाहीं. शिवाय उलगडण्याचे श्रम घरोघर पडतात. जुना फोन तापतो, बॅटरी लवकर संपते. सूत्र अल्पाक्षर असावें खरें. परंतु ज्या संक्षेपानें घरांतील आजीचा फोनच अडतो, त्यास काटकसर कशी म्हणावी, असें आम्ही विचारतों.