विद्यावेतन म्हणजे रोजगार नव्हे

राज्याच्या भरभराटीचे माप कोणते मानावयाचे? महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये श्री. एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमली आणि राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला. संकल्प मोठा आहे आणि मोठे संकल्प करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु डॉलरांचा हा आकडा हिंगोलीच्या वा गडचिरोलीच्या पदवीधराच्या घरात कोणत्या वाटेने शिरणार, याचे उत्तर मिळाल्यावाचून त्या संकल्पास योजना हे नाव शोभणार नाही.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा निर्णय निघाला. वर्षाला दहा लाख तरुणांना सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यावयाचा, आणि बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविका घेतलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे २०२५ मध्ये ही मुदत अकरा महिन्यांची झाली. मुदत संपताच प्रशिक्षणार्थी घरी बसले, आणि त्याच वर्षी कायम करण्याची मागणी घेऊन ते रस्त्यावर आले.

हे प्रशिक्षण होते, नोकरीचे वचन नव्हते, असे सरकारपक्षाचे म्हणणे आहे. कायद्याच्या दृष्टीने ते खरे आहे. पण तेवढ्याने सुटका होत नाही. ग्रामपंचायतींत, शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत बसविलेल्या या तरुणांच्या हाती खरोखरीचे काम होते किंवा नव्हते. काम असेल, तर ती पदे आवश्यक होती आणि सरकारने ती स्वस्तात भागवून घेतली. काम नसेल, तर त्या प्रशिक्षणातून ते काय शिकले? दोहोंपैकी कोणतेही उत्तर सरकारला भूषणावह नाही.

रोजगार कसा निर्माण करावा, हे महाराष्ट्रास दुसऱ्या कोणाकडून शिकावयास नको. राज्य स्थापन होऊन दोनच वर्षे झाली असता, १९६२ मध्ये, औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिले. जमीन, रस्ते व पाणी यांची सिद्धता आधी आणि कारखानदारास निमंत्रण मागाहून, हा त्याचा क्रम होता. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात काम मागू लागले, तेव्हा विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने ग्रामीण महाराष्ट्रास आधार दिला. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी कर द्यावा, ही ती व्यवस्था होती. पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्यास हाच अनुभव मार्गदर्शक ठरला.

त्या योजनांत दोष नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. सवलती देऊनही उद्योगांचा ओढा मुंबई-पुण्याकडेच राहिला, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये मागास भागांचा अनुशेष मोजूनच दाखविला. तथापि त्या योजनांनी मागे काही ठेविले. कुठे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कुठे बंधारा व पाझर तलाव झाला, आणि मुख्य म्हणजे काम मागण्याचा हक्क लोकांच्या हाती आला. अकरा महिन्यांच्या विद्यावेतनाने मागे काय ठेविले?

म्हणून आमचे सरकारास तीन सांगणे आहे. प्रशिक्षण पुरे केलेल्यांपैकी किती जणांस पुढे काम मिळाले, हे जिल्हावार प्रसिद्ध करावे. जेथे काम खरे होते तेथील रिक्त पदे रीतसर स्पर्धेने भरावीत आणि तीत या अनुभवास काही गुण द्यावेत. यापुढील प्रशिक्षण कचेऱ्यांत न देता कारखान्यांत व कार्यशाळांत द्यावे. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हाताशी आहेच. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा प्रादेशिक समतोलाची एक घटनात्मक चौकटही निखळली, याचेही स्मरण नव्या योजनेच्या कर्त्यांनी ठेवावे.

तिजोरीतून दरमहा काही हजार वाटणे सोपे आहे, आणि ते थांबविणे त्याहून सोपे. वीस-बावीस वर्षांच्या मुलास अकरा महिने आशेवर ठेवून घरी धाडणे मात्र सोपे समजू नये. त्याचे वय त्या मुदतीबरोबर थांबत नाही, आणि त्याच्या आईबापांचा धीरही अमर्याद नाही.