काट्यांच्या आडोशाला

इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा बेटांचा पुंजका आहे. बांगाई कार्डिनल हा मासा मूळचा फक्त तिथला. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर, चंदेरी अंगावर काळे पट्टे आणि परांवर पांढरे ठिपके. 1990च्या दशकात हौशी मत्स्यपालकांना त्याने वेड लावले आणि 2007 साली तो आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. तरीही, हा मासा टाकीत सहज पैदास देतो, मग तो नामशेष होईलच कसा, असे म्हणणारे आहेत. हा युक्तिवाद घातक आहे.

या माशाचा संसारच वेगळा. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे तीनचार आठवडे, जवळजवळ उपाशी राहतो. अंडी शंभरही नसतात. प्रवाळभित्तीवरच्या बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात. याची पिल्ले बापाच्या तोंडातून निघतात ती थेट शेजारच्या काळ्या सी-अर्चिनच्या लांब, टोकदार काट्यांत शिरतात. त्यामुळे काही किलोमीटरवरच्या वस्त्यांचीही जनुके वेगळी आहेत. एक वस्ती उपसली, तर शेजारच्या बेटावरून ती भरून निघत नाही. बाकाकान बेटाजवळ 2001 साली सुमारे सहा हजार मासे होते. 2004 साली उरले 17. पैदास केंद्रातला मासा फार तर जाळ्याचा ताण कमी करील, आणि ग्राहकाने तोच मागावा हे योग्यच. पण सी-अर्चिन खाण्यासाठी उचलले जात असतील, तर पिल्लाने लपायचे कुठे?

लेंबे सामुद्रधुनीत, मूळ प्रदेशापासून शेकडो किलोमीटरवर, व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेला हाच मासा चांगला फोफावला आहे, याकडेही बोट दाखवले जाते. ते खरे आहे. पण तिथे वाढलेली सरमिसळ झालेली वस्ती बांगाईतल्या एकेका बेटाचा वेगळा वंश परत आणू शकत नाही, उलट परक्या पाण्यातल्या लहान जिवांवर ती काय परिणाम करील ही नवी काळजी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बांगाईतल्या कोळ्यांच्या पोटाचे काय? सरसकट बंदीला माझाही विरोध आहे. इंडोनेशियाने 2018 साली विणीच्या काही महिन्यांपुरती पकड थांबवली, ही वाट बरी. मात्र तिच्यात काटेही आले पाहिजेत. कोणत्या बेटावर सी-अर्चिन आणि पिल्लांना तसाच आसरा देणारी समुद्रफुले किती उचलायची, हे तिथल्या कोळ्यांबरोबर बसून ठरवावे. कुठल्या उथळ खाडीत काट्यांची दाटी आहे आणि कुठे नुसती वाळू उरली आहे, हे त्यांना रोज होडीतून दिसते.