मूळ प्रत कोणाच्या हातात?

तुळशीचे लग्न लागले की जळगाव-धुळ्यातल्या आपल्या स्टुडिओंत तारखांच्या वह्या भरू लागतात. अलीकडे ऑर्डर ठरवायला आलेली मंडळी बसल्या बसल्या विचारतात, "रील किती देणार?" आणि लगेच, "लिंक कधी मिळेल?" कॅमेरे किती, ड्रोन आहे का, मिक्सिंग कोण करणार, हे त्यानंतर. पूर्ण लग्नाचे चित्रण कशावर द्यायचे हा विषय तर कित्येकदा निघतच नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पहिला प्रश्न तोच असायचा: सीडी देणार की डीव्हीडी?

ग्राहकाने विचारणे सोडले म्हणून फॉरमॅटची स्पर्धा संपली, असे समजण्याचे कारण नाही. ती आपल्या काउंटरवरून उठली आणि जिथे आपले किंवा ग्राहकाचे मत कोणी विचारत नाही अशा ठिकाणी गेली. त्याची झळ आपल्या कामाला बसू लागली आहे, म्हणून या हंगामाच्या तोंडावर त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

आधी जुना हिशेब पाहू. सोनीचे बीटामॅक्स 1975 साली आले, जेव्हीसीचे व्हीएचएस 1976 साली. चित्राच्या बाबतीत बीटामॅक्स सरस मानले जाई. पण त्याच्या सुरुवातीच्या कॅसेटमध्ये तासाभराचेच चित्रण मावे, व्हीएचएसमध्ये दोन तासांचे. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू दिले. आपल्याकडे 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने टीव्ही रंगीत झाला, मागोमाग व्हीसीआर आणि व्हिडिओ पार्लर गावोगाव पोचले आणि व्हीएचएसने घर केले. आपल्यातल्या ज्येष्ठांनी पॅनासॉनिकचा एम-9000 खांद्यावर घेतला तो त्यामुळेच. ज्या घरी कॅसेट जाणार, तिथे व्हीएचएसचे मशीन होते. कोणता फॉरमॅट चालणार, ते ग्राहकाच्या घरातल्या मशीनने ठरवले.

व्हीसीडीची गोष्ट आपल्या भागासाठी अधिक मोलाची आहे. 1993 साली ठरलेल्या या फॉरमॅटमध्ये चित्र 352 बाय 288 पिक्सेलचे, म्हणजे जेमतेम व्हीएचएसच्या तोडीचे. एका सीडीत 74 मिनिटे. हिंदी सिनेमाला दोन, कधी तीन सीडी लागत. 1996 साली जपानमध्ये डीव्हीडी आली तेव्हा व्हीसीडीचे दिवस भरले, असेच कोणालाही वाटले असते. पण आपल्याकडे ती त्यानंतरही दहा-बारा वर्षे चालली. सीडी स्वस्त, चिनी प्लेयर स्वस्त, ना प्रदेशाचे कुलूप ना कॉपीचे. 2007 मध्ये मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. दोघींत अंतर उरले अवघे सहा रुपयांचे, तरी घरात व्हीसीडी प्लेयर असलेला माणूस व्हीसीडीच उचलत राहिला.

या स्वस्ताईने खान्देशाला स्वतःचा पडदा दिला. थोड्या भांडवलात अहिराणी गाण्यांचा अल्बम किंवा विनोदी नाटुकले चित्रित करायचे, संगणकावर मिक्सिंग करायचे, शे-दोनशे प्रती काढायच्या आणि यात्रेत, बसस्टँडजवळच्या टपरीवर, सीडीच्या दुकानात ठेवायच्या, हे जमू लागले. आपल्यापैकी अनेकांनी लग्नाच्या कॅमेऱ्यावर असे अल्बम केले आहेत. धुळ्याच्या शेजारी, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला तोही घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर. मोठ्या शहरातल्या वितरकाची वाट न पाहता आपल्या बोलीतले चित्र आपल्या माणसांपर्यंत नेता येते, हे त्या काळाने दाखवून दिले.

दरम्यान बाहेरच्या जगात आणखी एक लढत झाली, जी आपल्याला फारशी जाणवलीही नाही. 2006 साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी समोरासमोर आल्या. एका थरात ब्लू-रेमध्ये 25 जीबी, एचडी डीव्हीडीमध्ये 15. 4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेच्या बाजूने कौल दिला आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे जाहीर केले. या लढतीत इंटरनेट पहिल्यांदाच मैदानात होते. एचडी डीव्हीडीच्या प्लेयरला नेटवर्कचे पोर्ट असणे सक्तीचे होते. म्हणजे विकून झालेल्या यंत्राचा प्रोग्रॅम नंतरही बदलता येणार होता. दोन्ही फॉरमॅट ज्या एएसीएस संरक्षणावर विसंबून होते, त्याची एक किल्ली मे 2007 मध्ये इंटरनेटवर हजारो ठिकाणी पसरली आणि ती मागे घेणे कोणालाच शक्य झाले नाही. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून थेट सिनेमा दाखवायला सुरुवात केली होती. पुढच्या फेब्रुवारीत याच नेटफ्लिक्सने भाड्याच्या डिस्कसाठी ब्लू-रेची निवड केली. ब्लू-रे जिंकली, पण तिला जिंकवणारा बाजार तोवर दुसरीकडे निघाला होता. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. जळगाव-धुळ्यात ही डिस्क घरोघरी कधी आलीच नाही. डीव्हीडीवरून आपण थेट पेनड्राइव्हवर आणि यूट्यूबवर आलो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला. त्याने खान्देशाचे भले केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. सचिन कुमावत यांचे 'बबल्या इकस केसावर फुगे' किंवा विनोद कुमावत यांचे 'हाई झुमकावाली पोर' ही अहिराणी गाणी खान्देशाबाहेर, अहिराणी न कळणाऱ्या घरांतही वाजली. 'छोटू दादा'चे खान्देशी विनोदी व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले. शे-दोनशे सीडी खपवण्यासाठी यात्रेत फिरणाऱ्या कलावंताला हे स्वप्नातही शक्य वाटले नसते. प्रती काढण्याचा खर्च संपला, दुकानदाराची उधारी संपली.

मात्र एक गोष्ट बदलली, आणि आपल्या धंद्याच्या मुळाशी तीच आहे. 1990 साली दिलेली कॅसेट 1995 सालीही तीच कॅसेट असे. फॉरमॅट हरला तरी घरात गेलेली वस्तू घरातच राही. मशीन चालू असेतोवर ती लागे. लिंकचे तसे नाही. वस्तू देऊन झाल्यावरही तिच्या अटी बदलत राहतात, आणि त्या बदलणारा ना आपण असतो ना ग्राहक.

उदाहरणे आपल्या रोजच्या कामातलीच आहेत. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलेले, 2017 पूर्वी चढवलेले व्हिडिओ कंपनीने 23 जुलै 2021 पासून 'प्रायव्हेट' केले. चॅनेलच्या मालकाने आधी नकार कळवला असेल तरच ते वाचले. 2015-16 च्या लग्नांच्या लिंक आपण नातेवाइकांना अशाच दिल्या होत्या. ज्या स्टुडिओने ईमेल वाचला नाही, त्याच्या ग्राहकांसाठी ती लग्ने एका रात्रीत बंद झाली. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून थांबली; आता 15 जीबीच्या पुढे पैसे मोजावे लागतात. दोन वर्षे न वापरलेली खाती मिटवण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून अमलात आणले. वरातीच्या मागे सिनेमाचे गाणे लावले की 'कंटेंट आयडी'चा दावा येतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप दाबून लहान केली जाते आणि पुढे पाठवत गेले की नवरीच्या शालूची जर पांढरट डाग होऊन जाते. ग्राहकाला वाटते, शूटिंगच खराब होते.

शिवाय फॉरमॅटची जुनी झटापट आतल्या आत चालूच आहे. आयफोन 2017 पासून एचईव्हीसीमध्ये चित्रण करू लागला. पाहुण्याने दिलेली तशी क्लिप जुन्या एडियसच्या टाइमलाइनवर उघडत नाही, किंवा नुसता आवाज येतो आणि चित्र काळे. एचईव्हीसीच्या पेटंट शुल्काला पर्याय म्हणून मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी एकत्र येऊन 2018 मध्ये एव्ही1 आणला. बीटा आणि व्हीएचएससारखीच ही लढत आहे, फक्त काउंटरवर दिसत नाही. आणि सर्वांत उघड लढत आहे चित्राच्या चौकटीची. टीव्हीसाठी 16:9, मोबाइलसाठी 9:16. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स सुरू झाले आणि उभी चौकट लग्नाच्या मांडवात शिरली. आता काही जण मुख्य कॅमेराच उभा धरू लागले आहेत. मंगलाष्टकांच्या वेळी उभ्या चौकटीत नवरा-नवरी येतात. अंतरपाट धरणारे मामा, मागे अक्षता टाकणारी आजी, शेजारी डोळे पुसणारा बाप चौकटीबाहेर राहतो. दहा वर्षांनी त्या घराला नेमका तोच भाग बघायचा असेल.

याची किंमत ज्यांना समजून घ्यायची आहे, त्यांनी तीस वर्षांपूर्वीची एखादी व्हीएचएस कॅसेट हातात घेऊन बघावी. खिडकीतून पाहिले की फितीच्या गुंडाळीवर कडेने पांढरी पूड दिसते. ती पावसाळ्यातल्या दमटपणाने धरलेली बुरशी. तशीच मशीनमध्ये घातली तर हेड भरतो आणि मागून येणाऱ्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. म्हणून आधी कव्हर उघडायचे, फीत हलक्या हाताने पुसत एकदा पूर्ण फिरवून घ्यायची, मगच ती लावायची. खान्देशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो; पत्र्याच्या घरातल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या कॅसेटची आणि घरी राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीची अवस्था त्याहून वाईट. सीडीतला रंगाचा थर उष्णतेने उतरतो आणि एक दिवस प्लेयर 'नो डिस्क' दाखवतो.

आणि त्या कॅसेटमध्ये काय असते? मांडव, हळद, आणि जात्याजवळ बसून अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बाया. त्यांतल्या बऱ्याच आता हयात नाहीत, आणि ती गाणी पुढच्या पिढीने पाठ केलेली नाहीत. बहिणाबाईंची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने सर्वांसमोर आली. आपल्या स्टुडिओंनी गेल्या चाळीस वर्षांत नकळत असाच मोठा ठेवा टिपला आहे. पैसे घेऊन टिपला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

तेव्हा या हंगामापासून सर्वांनी मिळून काही गोष्टी धंद्याच्या रीतीतच बसवाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली, पोचवण्याची प्रत वेगळी आणि मास्टर वेगळा. लिंक, रील, व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप जरूर द्या, पण पूर्ण लग्नाची उत्तम दर्जाची फाइल पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर घरच्यांच्या हातात द्या. ती एच.264 मध्ये असू द्या. आज कोणत्याही टीव्हीवर आणि जुन्या लॅपटॉपवर ती लागते. एक प्रत आपल्याकडे दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून तपासा.

दुसरी, मास्टर किती वर्षे जपणार आणि त्यानंतर काय करणार, हे पावतीवर छापा. जपण्याचे पैसे घ्या. फुकट जपतो असे सांगून दोन वर्षांत डिस्क पुसणाऱ्यापेक्षा, पाच वर्षांचे शुल्क घेऊन शब्द पाळणारा स्टुडिओ ग्राहकाला जवळचा वाटेल.

तिसरी, मुख्य कॅमेरा आडवाच राहू द्या. उभ्या रीलसाठी वेगळा माणूस, वेगळा मोबाइल ठेवा आणि त्याचा वेगळा दर लावा.

चौथी, जुन्या कॅसेट उतरवून घेण्याचे काम आता लांबवू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै 2016 मध्ये उत्पादन बंद केले. मिनी डीव्हीची कॅसेट फायरवायरने उतरवली तर दर्जा जराही घटत नाही. तासाच्या कॅसेटला तास लागतो आणि सुमारे 13 जीबी जागा. पण त्यासाठी चालू स्थितीतला कॅमेरा आणि फायरवायरचे पोर्ट असलेला संगणक हवा, आणि ते दोन्ही आता भंगारात चालले आहेत. चोपडा, अमळनेर, पाचोरा, चाळीसगाव, भुसावळ, शिरपूर, साक्री, शिंदखेडा, प्रत्येक तालुक्यात कोणाकडे तरी एखादा एमडी-10000 किंवा चालू व्हीसीआर नक्की असेल. तो विकू नका. तालुक्यातल्या सर्वांनी मिळून एक जागा ठरवा, वाजवी दर ठरवा आणि गावकऱ्यांना कॅसेट आणून देण्याचे आवाहन करा. ऑफ सीझनमध्ये, आषाढ ते आश्विन, हे काम बसून करण्याजोगे आहे, आणि त्यात उत्पन्नही आहे.

ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी आम्हाला तालुक्यासह कळवावे. पुढच्या अंकापासून आम्ही तालुकावार यादी छापू. पावतीवरच्या मजकुराचा एक नमुनाही देऊ, म्हणजे प्रत्येकाला तो वेगळा लिहावा लागणार नाही. पुढचा फॉरमॅट कोणता येईल हे आपल्या हातात नाही. आपण टिपलेले लग्न त्या घरापाशी राहील की नाही, हे मात्र आपणच ठरवणार आहोत, आणि या हंगामाच्या पहिल्या पावतीपासून ठरवू शकतो.