लुगडं दिसावं की नक्षी?

आजीचं इरकली लुगडं ट्रंकेतून बाहेर निघालं की घरात दोन पक्ष पडतात. एकाला बारीक चौकोन-त्रिकोणांची नक्षीदार गोधडी हवी असते. दुसरा म्हणतो, लुगडं आहे तसंच वरच्या थराला लावा. उजनीच्या पाण्यावरून वारं सुटलं की भिगवणात अंगावर काय ओढलंय हे कुणी बघत नाही, हे खरं. पण कात्री एकदा चालली की माघार नाही, म्हणून वाद आधीच मिटलेला बरा.

आमचा कौल साध्या मांडणीला आहे, पण सरसकट नाही.

इरकलीचा थाट लाल रेशमी पदरात आणि रुंद काठात असतो, आणि तो लांबीत उलगडतो. पदराचे चार-चार इंची चौकोन पाडले की लाल-पांढरे तुकडे उरतात, लुगडं हरवतं. त्यापेक्षा पदर मधोमध अखंड ठेवावा आणि भोवती एकरंगी सुती पट्ट्या लावाव्यात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांतून अशीच, मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या चढवत जाणारी गोधडी शिवत. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं त्या गोधड्या भिंतीवर लावल्या. साधी मांडणी सोपी असते असंही नाही. नक्षीच्या गर्दीत वाकडी शिवण खपून जाते, लांब सरळ काठाशेजारी लगेच दिसते.

नक्षीवाल्या पक्षाचं म्हणणंही मोडीत काढता येत नाही. नेसून नेसून लुगडं बैठकीकडे विरतं. दंड घालून वापरलेलं असेल तर विचारूच नका. असं कापड अख्खं लावलं तर दोन धुण्यांत फाटणार. तिथे धड भाग निवडून लहान तुकडे करणंच शहाणपणाचं. गुळेदगुड्डच्या खणालाही लहान चौकोन शोभतो, कारण त्याची बुट्टी बारीक आणि दाट असते. एक बुट्टी पुरी मावून भोवती थोडी मोकळी जागा राहिली, की माप बरोबर समजावं.

धावदोऱ्याचा विचार मात्र दोन्ही पक्ष विसरतात. थर सरकू नयेत म्हणून टाके दाट हवेतच, पण पांढरा दोरा लाल पदरावर आधी दिसतो, पदर मागाहून. पदरावर त्याच रंगाचा दोरा घालावा आणि हौस पट्ट्यांवर भागवावी.

नऊवार म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्तच. लुगडं धड असेल तर एकेरी गोधडीचे दोन वरचे थर त्यातून निघतात. पदर मात्र एकच, आणि लेकी दोन असल्या की खरा तंटा तिथे. वाटायचाच झाला तर तो काठाला समांतर, मधून चिरावा. दोघींना अर्धा पदर आणि एकेक काठ मिळतो.