पाणवठ्याचा हक्क आणि डोंगरावरचे रान



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला गेला. परंतु पाणवठाच आटला, तर त्या हक्काचे मोल ते काय? सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांनी या प्रश्नाचा विचार आता केलाच पाहिजे.

महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण-आटपाडीत तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. २०१९ च्या उन्हाळ्यात या दुष्काळी पट्ट्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्याच ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली.

यास आभाळाइतकीच भुईही कारण आहे. रानातली माती पालापाचोळ्याने व मुळांनी भुसभुशीत राहते. तीत मुरलेले पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत उन्हाळ्यात झऱ्याला येते. रान तुटले, वणव्याने व गुरांच्या खुरांनी माती घट्ट झाली, की तेच पाणी माती घेऊन ओढ्याने धावत सुटते. त्यात पाऊसही आता थोड्या दिवसांत कोसळू लागला आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे अशाच अतिवृष्टीत दरडींखाली माणसे गाडली गेली.

तथापि झाडे लावली की पाणी आलेच, हा समजही भाबडा होय. झाडेही पाणी पितात. माण तालुक्यासारख्या कोरड्या माळावर एकाच जातीची दाट लागवड केल्यास विहिरीचे पाणी घटूही शकते. तेथे गवत व बांधबंदिस्ती राखावी. कोयना-वारणेच्या खोऱ्यांत मूळचे रान राखावे.

ज्याच्यापाशी जमीन व पैसा आहे, तो कूपनलिका खोल नेतो. भूमिहीनाची सारी भिस्त सार्वजनिक विहिरीवर व झऱ्यावर. सबब रानाची हानी प्रथम त्याच्या घागरीत दिसते.

कायदा येथे मुका नाही. वनहक्क अधिनियम, २००६ याच्या कलम ५ अन्वये वनहक्कधारक असलेल्या गावाच्या ग्रामसभेस लगतचे पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार आहे. हा कायदा केवळ अनुसूचित जमातींपुरता नाही. इतरांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास व वनावरील उपजीविका सिद्ध करावी लागते. गावातील वृद्धांचा लेखी जबाबही त्यास पुरावा म्हणून चालतो. तो आजच लिहून घ्या. वृद्ध गेले की पुरावाही जातो.

राखलेले पाणी कोणाला, हेही आधीच ठरवा. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या वेळी भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा वाटा, हे तत्त्व मान्य झाले होते. तेच तत्त्व आपल्या ग्रामसभेत ठरावाने मांडा आणि तो ठराव इतिवृत्तात नोंदला गेला, हे पाहिल्याखेरीज उठू नका.